वाजवणाऱ्यांचे कान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काही जणी हसतील. वाद्यांच्या आवाजाने म्हातारी माणसे हैराण होतात, तान्ही मुले दचकून उठतात, हे आपण नेहमी बोलतो. पण वाजवणाऱ्याच्या कानाचे काय होते, हे कोणी विचारीत नाही. आवाजाला सर्वांत जवळचा तर तोच! सन २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर वाद्यांना बंधन घातले, ते ऐकणाऱ्यांच्या झोपेसाठी. वाजवणाऱ्याचा कान त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.

पूर्वी ढोल-ताशा पुरुषांनीच वाजवायचा. आता पुण्याच्या पथकांत मुली बरोबरीने वाजवतात. आपल्या मिरजगावाकडून शिकायला गेलेली माझी पुतणीही ताशा वाजवते, आणि मला तिचे मोठे कौतुक आहे. गेल्या दिवाळीत ती सहज म्हणाली, "काकू, सरावाहून आलं की कानात रातकिडे किरकिरतात. सकाळी थांबतात."

थांबतात म्हणजे सारे बरे झाले, असे नव्हे. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे १५,००० अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्यांच्यामुळे आपल्याला ऐकू येते. मोठ्या आवाजाने त्या दमतात आणि पुनःपुन्हा तसेच झाले की मरतात. डोक्याचा केस पुन्हा उगवतो, हे केस उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. 'स' आणि 'श' नीट कळत नाहीत, आणि माणसाला वाटते की समोरचाच पुटपुटतो आहे.

८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा, ८८ असेल तर चारच तास, असा हिशेब तज्ज्ञ सांगतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात पंधरा मिनिटे! पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२३ च्या विसर्जनात सरासरी आवाज १०० च्या वर भरला होता. आणि मिरवणूक एक दिवसाची, सराव मात्र दोन-दोन महिने रोज संध्याकाळी. म्हणून मला मिरवणुकीपेक्षा सरावाचीच काळजी अधिक वाटते.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली ख्रिस गोल्डशायडर हे व्हायोलावादक पितळी वाद्यांच्या पुढे तालमीला बसले आणि कानाला कायमची इजा झाली. २०१८ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१९ साली वरच्या न्यायालयातही दाद त्यांनाच मिळाली. वादकांची मांडणी बदलून आवाज कमी करता आला असता, हाही त्यात एक मुद्दा होता. आपल्याकडेही सराव पत्र्याच्या शेडखाली न करता मोकळ्यावर करावा, रांगा विरळ ठेवाव्यात, मधूनमधून बाजूला जाऊन कानाला विसावा द्यावा.

कापसाच्या बोळ्यावर मात्र भिस्त ठेवू नका. अत्तराच्या फायाला कापूस चांगला, आवाज त्याने फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट धरून ठेवायचे, म्हणजे ते फुगून घट्ट बसतात. त्याने ताल बोजड ऐकू येतो, अशी पुतणीची तक्रार होती. वादकांसाठी वेगळे असतात, त्यांत सगळे सूर सारखेच हलके होतात. ते महाग पडतात, पण पाच हजारांच्या मोबाइलपुढे काही नव्हेत.

पुतणीला घ्यायला आम्ही आहोत. आपल्या वरातीत, यात्रेत हलगी वाजवणाऱ्याला कोण घेऊन देणार? हलगी छातीशी धरतात, कानापासून हातभरही लांब नाही, आणि त्याचे तर पोटच त्यावर. सुपारी देताना आपण दरासाठी घासाघीस करतो. फोमचा साधा जोड नारळाच्या पैशांत येतो. यंदा मंडळाच्या गणपतीची सुपारी देताना विड्याबरोबर प्रत्येकाच्या हातावर एक जोड ठेवावा, असे मी सुचवते. सहा जोडांचे पैसे मी आजच खजिनदारबाईंकडे देते. बाकीचे कोण देणार, तेवढे सांगा.