चुका न मारलेला गालिचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विमान म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. आज मात्र आपण खाली बघणार आहोत. विमानाच्या पोटातली जी जमीन, जिच्यावर प्रवाशांचे पाय टेकतात, तिच्यावरच्या गालिच्याविषयी मी बोलणार आहे. मोठ्या विमानात हा गालिचा कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण तीन-चार माणसांचं, जुनं, छोटं विमान असेल तर तो नुसता अंथरून भागत नाही. तो धरून ठेवावा लागतो. आणि धरून ठेवायचा म्हणजे कसा, यातच सगळी गोम आहे.

कवीचा या गोष्टीशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध कवितेचा नाही, घराण्याचा आहे. आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर धुनकी टाकून कोल्हापूरच्या पेठांमधून कापूस पिंजत फिरायचे. त्यांच्या मुलांनी गाद्या भरल्या. आणि माझे मामू, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मोटारींच्या कुशनच्या कामात शिरले. ट्रकच्या सीटपासून जीपच्या हुडापर्यंत सगळं त्यांनी केलं. बी.ए. झालेला भाचा म्हणून बिलं लिहायचं काम माझ्याकडं असे. त्यामुळं दाभण, गोट, टिचबटण हे शब्द मला यमकांच्या आधी भेटले.

कोल्हापूरला विमान नवं नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन २०२४च्या मार्चमध्ये झालं तेव्हा या जुन्या गोष्टी पुन्हा निघाल्या, ते बरंच झालं. तो विमानतळ सुरू व्हायच्या सातच वर्षं आधी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो पहिला दिवस. त्यांचं विमान होतं 'पस मॉथ'. एका इंजिनाचं, डोक्यावर पंख असलेलं आणि विशेष म्हणजे बंद केबिनचं. त्या काळातली बरीचशी छोटी विमानं उघडी असत. कातडी टोपी आणि गॉगल चढवून वाऱ्यात तोंड धरून बसायचं. बंद केबिनमध्ये मात्र माणूस घरच्या कपड्यांत, काचेआड, दार लावून बसला. आणि माणूस जिथं दार लावून बसतो तिथं त्याला पायाखाली काहीतरी अंथरावंसं वाटतंच. शिवाय गालिच्यानं इंजिनाची घरघर थोडी दबते आणि तळातून येणारी थंडीही अडते. एकूण चैन म्हणून आलेला गालिचा हळूहळू गरजेचा होऊन बसला.

त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, जेआरडींनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कराची ते मुंबई तोच प्रवास एकट्यानं पुन्हा केला. या वेळचं विमान होतं 'लेपर्ड मॉथ', पस मॉथचं १९३३ सालचं धाकटं भावंड. थोरल्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर धाकट्याचा प्लायवूडचा. भरल्यावर सगळं मिळून वजन हजार किलोच्या आसपास. म्हणजे एखाद्या मोटारीएवढं, आणि तेही उडायचं! अशा विमानात गालिच्याचं वजनसुद्धा कागदावर मांडावं लागतं.

या नावांची एक गंमत सांगतो. ही विमानं बनवणाऱ्या जेफ्री डी हॅविलंड यांना पतंगांचा नाद होता. दिव्यावर झेपावणारे ते पतंग. म्हणून त्यांच्या विमानांना पतंगांची नावं मिळाली. आता लोकरीच्या गालिच्याचा पिढीजात वैरी कोण? कसर. आणि कसर म्हणजे तरी काय, एका चिमुकल्या पतंगाची अळीच. पतंगाच्या पोटात गालिचा आणि गालिच्याच्या पोटात पतंग. आम्ही पिंजारी लोक गालिच्यात कडुनिंबाचा पाला घालतो. विमानात तो घालत असतील असं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामूंना एक काम आलं. एका हौशी मालकाचं जुनं चार आसनी विमान दुरुस्तीला होतं. हँगर कोल्हापूरच्या बाहेर होता. मालकाचं नाव सांगण्याचं कारण नाही. विमानाचा गालिचा कुजला होता आणि नवा बसवायचा होता. मामू आपली थैली घेऊन गेले, सोबत मीही गेलो. तिथला इंजिनिअर मध्यमवयीन, कमी बोलणारा. मामूंनी थैलीतून हातोडी आणि कागदाची पुडी काढली.

"मिस्त्री, पुडीत काय आहे?"

"चुका आहेत, साहेब. अर्ध्या इंचाच्या."

"इथं एकही चूक चालत नाही."

मामूंना वाटलं, साहेब कामातल्या चुकीबद्दल बोलतायत. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाली. आपल्या हातून होत नाही."

साहेब पहिल्यांदा हसले. मग त्यांनी जमिनीवरचा एक पत्रा स्क्रू काढून उचलला आणि बॅटरी मारली. खाली सुतळीएवढ्या जाडीचे पोलादी दोर ताणलेले होते. ते चाकांवरून वळून थेट शेपटीपर्यंत गेले होते. वैमानिकानं पायातलं पेडल दाबलं की या दोरानं शेपटीचं उभं सुकाणू वळतं. हातातली दांडी ओढली की दुसऱ्या दोरानं आडवं पातं हलतं आणि नाक वर येतं. शेजारून विजेच्या तारा आणि पेट्रोलची नळी गेलेली. मामू बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी पुडी गुंडाळून थैलीत टाकली.

"मग सोल्युशननं चिकटवू," ते म्हणाले. साहेबांनी त्यालाही मान हलवली. हे पत्रे दरवर्षीच्या तपासणीत उचलावेच लागतात. दोर कुठं झिजलेत, चाकं फिरतात की नाही, गंज कुठं धरलाय, ते बघायला. गालिचा सगळा चिकटवला तर दरवर्षी फाडावा लागेल. शिवाय दारातून पावसाचं पाणी आत येतं, ते चिकटलेल्या गालिच्याखाली कोंडतं. लाकूड असेल तर कुजतं, ॲल्युमिनियम असेल तर त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

मामूंची पंचाईत माझ्या लक्षात आली. त्यांच्या धंद्यात चांगलं काम म्हणजे न निघणारं काम. गिऱ्हाईक कौतुक करायचं ते, "मिस्त्री, दहा वर्षं झाली, टाका हलला नाही," असं. आणि इथं एक शिकलेला माणूस सांगत होता की गालिचा उडताना तसूभर सरकता कामा नये आणि जमिनीवर आल्यावर पाच मिनिटांत निघाला पाहिजे. मामू जरा वेळ गप्प बसले. मग आपल्या पायातल्या चपलेकडं बघून म्हणाले, "आमच्या गावात चप्पलसुद्धा वादीनं शिवतात साहेब, खिळा नसतो. बघू."

मग जे काम झालं ते मी चार दिवस बघितलं. आधी जुन्या वर्तमानपत्रांचे खाके. एकसंध गालिचा नाहीच करायचा. पुढचे दोन तुकडे, मागचे दोन आणि सामानाच्या जागेचा एक, असे पाच. खुर्च्या ज्या रुळांवर पुढं-मागं सरकतात त्या रुळांना खाच मोकळी सोडायची, नाहीतर खुर्ची नीट अडकत नाही आणि विमान उचलताना वैमानिकासकट मागं घसरते. प्रत्येक तुकड्याच्या कडेला गोट, कारण सुटलेला धागा कुठं गुंडाळेल याचा नेम नाही. दाराशी जी उंबरठ्याची धातूची पट्टी असते तिच्याखाली एक कड दाबली. तिथं पट्टीचे स्क्रू आधीच होते, नवं भोक पाडावं लागलं नाही. जुनी भोकं वापरायची, हा साहेबांचा पहिला नियम. दोन ठिकाणी त्यांनी स्वतः दाखवलेल्या जागी टिचबटणं बसवली. खालचा अर्धा भाग जमिनीत, वरचा गालिच्यात. आणि उरलेल्या जागी वेल्क्रो.

वेल्क्रो तेव्हा आमच्याकडं नवीनच होतं. आपण गवतातून गेलो की धोतराला, साडीला कुसळं नाहीतर आघाड्याचं बी चिकटतं. तसंच १९४१ साली जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटली. त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा दिसला. त्यावरून एका पट्टीला आकडे आणि दुसरीला फासे, असा हा प्रकार निघाला. आघाडा आपण गणपतीच्या पत्रीत वाहतो. त्याच्याकडं भिंगातून बघायचं मात्र राहून गेलं. मामूंनी फाशांची पट्टी गालिच्याला खालून दोहेरी टाक्यानं शिवली. नुसती चिकटवली तर उन्हात विमान तापतं, डिंक मऊ पडतो आणि पट्टी सुटते. आकड्यांची पट्टी तेवढी जमिनीला चिकटवली.

कापडावरून मात्र मामूंचं नुकसान झालं. पदरच्या पैशानं त्यांनी बाजारातून मरून रंगाचा सुंदर नायलॉनचा गालिचा आणला होता. साहेबांनी त्याची बोटभर पट्टी कापली, चिमट्यात उभी धरली आणि खालून लायटर लावला. पट्टी पेटली आणि वितळून तिचे जळते थेंब फरशीवर पडायला लागले. कुणी काही बोललं नाही. मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिकेत नियमच आहे: उभ्या टांगलेल्या नमुन्याला १२ सेकंद ज्योत लावायची, ती काढल्यावर १५ सेकंदांच्या आत तो आपोआप विझला पाहिजे आणि आठ इंचांपेक्षा जास्त जळता कामा नये. जुन्या छोट्या विमानांना नियम सौम्य असतात, पण आग सौम्य नसते. शेवटी लोकरीचा, दाखल्याचा कागद असलेला गालिचा मागवला. लोकर काळी पडते, पण सहजी पेट घेत नाही. तो कागद विमानाच्या दफ्तरात लागला. मरून गालिचा आमच्या घरी आला आणि आईनं तो पुष्कळ वर्षं वापरला.

सगळ्यात जास्त वेळ पेडलपाशी गेला. साहेबांनी मामूंना वैमानिकाच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं. दोन्ही वेळा पेडल शेवटपर्यंत दाबायला लावलं, डावं, उजवं, टाचा घासत. दोनदा गालिच्याची कड सुरकुतली. दोनदा मामूंनी ती उसवून मागं घेतली. तिसऱ्यांदा कड पेडलपासून चांगली चार बोटं लांब राहिली आणि सुरकुती आली नाही. मला तेव्हा हा अतिरेक वाटला होता. पुढं २००९ साली टोयोटानं अमेरिकेत सुमारे ३८ लाख मोटारी परत बोलावल्या. कारण एवढंच की पायाखालची सुटी मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकू शकत होता, आणि एका गाडीत अडकून माणसं गेलीही होती. ती बातमी वाचताना मला मामूंच्या टाचा आठवल्या. मोटार निदान रस्त्यावर तरी असते.

काम संपल्यावर बिल मी लिहिलं. काय लिहू, म्हणून विचारलं. मामू म्हणाले, "गालिचा बसवणे, असं लिही. आणि पुढं लिही, निघेल असा."

दुसऱ्या वर्षी तपासणीला पुन्हा बोलावणं आलं. मामूंनी पाचही तुकडे घड्याळ लावून उचलले. चार मिनिटं लागली. वेल्क्रोत धूळ आणि केस भरले होते, ते त्यांनी दाभणानं टोकरून काढले. सामानाकडच्या तुकड्याखाली शेंगेचं एक टरफल आणि दहा पैशांचं नाणं निघालं. साहेबांनी दोन्ही वस्तू टेबलावर मांडल्या आणि आधी रजिस्टरात त्यांची नोंद केली.