माणूस आपला, म्हणून गप्प बसायचं?



मी काही वकील नव्हे. खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करून उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दीड वर्ष बिलं केलेली मुलगी आहे. नोकरीतल्या अन्यायावर बोल म्हटलं, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, ही आता भाषेवर बोलणार. बोलते की. पण आधी माझं ऐका.

लागले तेव्हा मी 23 वर्षांची. साहेब मराठीच. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपली पोरगी आहेस, काळजी करू नको." सहा महिन्यांनी त्यांचेच रात्री साडेदहाला मेसेज यायला लागले. मग खुर्चीमागे उभं राहून खांद्यावर हात. मी हात झटकला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बिलात चूक निघू लागली.

घरी सांगितलं. काका म्हणाले, "माणूस आपला आहे. इथं आपण आधीच थोडे, त्यात आपलीच लाज चारचौघांत कशाला काढायची?" मी गप्प बसले. मेसेजसुद्धा पुसून टाकले.

शेवटी विचारलं ते स्टोअरमधल्या अक्कांनी. त्या घरी कन्नड बोलणाऱ्या. डबा खाताना म्हणाल्या, "रडू नको, तारखा लिही." त्यांच्या शेजारी बसून मी अर्ज लिहिला. तोवर शेवटच्या प्रकाराला चार महिने होऊन गेले होते. ऑफिसात उत्तर मिळालं, "मुदत संपली." मला ते खरं वाटलं. मी नोकरी सोडली.

ते उत्तर अर्धंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. पण उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मी कारण लिहिलंच नव्हतं, कारण ते लिहायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. तुमचं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. लाजेच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांना हे शेवटचं मुद्दाम सांगा.

आता भाषेचं. सुपरवायझर मराठीवरून टोमणे मारतो, हे आपल्याकडे घडतं. पण संविधानाच्या कलम 15 आणि 16 मधली यादी वाचा. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे. भाषा हा शब्द नाही. शिवाय कलम 16 सरकारी नोकरीपुरतं. त्यामुळे खासगी कारखान्यात नुसतं "भाषेमुळे त्रास दिला" एवढंच लिहिलं तर अर्ज लंगडा पडतो. टोमण्यामागे काय बुडालं ते बघा. ओव्हरटाईम दुप्पट दराने मिळाला का? पगार कापला का? तोंडी "उद्यापासून येऊ नको" म्हणाले का? ते तारखेनिशी लिहा. कामगार खात्यात त्याला किंमत आहे.

आणि उलटंही ध्यानात ठेवा. माझ्या गोष्टीत त्रास देणारा मराठी होता आणि पेन हातात देणारी कन्नड. प्रत्येक भांडण भाषेचं म्हणून मांडलं, तर "आपला" माणूस त्यामागे अलगद लपतो. आपल्या भाषेसाठी उभं राहायचं म्हणजे त्याला पाठीशी घालायचं, असं नव्हे.

आज घरी गेलात की एक वही काढा. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या तिच्यात ठेवा. काही घडलं तर त्याच रात्री तारीख, वेळ, जागा आणि कोण हजर होतं ते लिहा. मेसेज पुसू नका. मी पुसले होते.