मूत्रपिंडाचा विकार आणि शरीराचे भांडवल



नफा घटला तरी पेढी तग धरते. परंतु भांडवल खर्ची पडू लागले की ती बुडते, हे व्यापारी समाजास सांगावे लागत नाही. शरीराचा व्यवहारही असाच आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात शरीराचे भांडवल म्हणजे स्नायू होत. घरोघरी क्रिएटिनिन, रक्तदाब आणि साखर यांची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाते. या भांडवलाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते डायलिसिसच्या आधारावर जगले. त्या काळी ही सोय मोजक्या शहरांतच होती. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे ती जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागली. यंत्रामुळे आयुष्य वाढते, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि वाढलेल्या आयुष्यात माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढतो की अंथरुणावर खिळतो, हे बहुतांशी स्नायूंवर अवलंबून असते.

या विकारात स्नायू का झिजतात? रक्तातील आम्लता वाढते आणि ती निस्तरताना स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. शरीरात मंद दाह सतत चालू राहतो. तोंडाची चव जाते, भूक मंदावते. थकव्यामुळे हालचाल घटते. हीमोडायलिसिसच्या प्रत्येक वेळी साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात.

येथे एक फसगत होते. क्रिएटिनिन हे मूलतः स्नायूंतूनच तयार होते. स्नायू आटले की त्याची निर्मितीही कमी होते. मग अहवालातील आकडा उतरलेला पाहून घरात आनंद होतो. प्रत्यक्षात मूत्रपिंड सुधारलेले नसते, रुग्ण खंगलेला असतो. अशा वेळी सिस्टाटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी उपयोगी पडते. वजनाचा काटाही फसवतो. कारण अंगात साठलेले पाणी स्नायूंची घट झाकून टाकते.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. ‘किडनीला प्रथिने वाईट’ असे कोणीतरी सांगते आणि ताटातून वरण, मूग, दही एकामागून एक नाहीसे होतात. शाकाहारी माणसाच्या ताटातून हे गेले, तर उरते काय? २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मध्यम ते तीव्र विकारात, डायलिसिस नसताना, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८ ग्रॅम प्रथिने राखावीत. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे ४८ ग्रॅम. अशक्त वृद्धांस अधिकही लागू शकतात. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम होते. डायलिसिसपूर्वीचे पथ्य नंतरही तसेच चालू ठेवणे हे रुग्णास उपाशी ठेवण्यासारखेच आहे.

३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु पोटभर अन्न मिळाले नाही, तर हीच प्रथिने इंधन म्हणून जळून जातात. म्हणून भात, भाकरी आणि तेल-तूप यांचे प्रमाणही आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. पोटॅशियम वाढलेले असल्यास भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. जालन्याची मोसंबी कितीही नामांकित असली, तरी तिचा पेलाभर रस अशा रुग्णास घातक ठरू शकतो.

आता उपवासाचा नाजूक विषय. पोट रिकामे राहिले की साठ्यातील साखर संपते आणि शरीर स्नायू मोडू लागते. निरोगी माणूस पारण्यानंतर ही झीज भरून काढतो; मूत्रपिंडाच्या रुग्णास ते कठीण जाते. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर साखर एकाएकी उतरण्याचाही धोका असतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात प्रथिने अवश्य घ्यावीत, सकाळचा आहार लांबवू नये आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. तप यथाशक्ती करावे, असेच धर्म सांगतो. तपाच्या बारा प्रकारांत अनशन हा एक आहे. स्वाध्याय आणि ध्यान हीही तपेच आहेत. रुग्णाची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी तर वैयावृत्त्य हे तप घरातच उपलब्ध आहे.

केवळ आहाराने स्नायू टिकत नाहीत. त्यांना काम द्यावे लागते. अमेरिकेतील बोस्टन येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी प्रथिनांच्या आहारावरील २६ रुग्णांपैकी ज्यांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला, त्यांचे स्नायुतंतू वाढले. इटलीतील २९६ डायलिसिस रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरीच चालण्याचा सौम्य व्यायाम केलेल्यांचे सहा मिनिटांतील अंतर सहा महिन्यांत ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले. व्यायाम न केलेल्यांत अशी सुधारणा दिसली नाही. हैदराबादचे कमल शाह १९९७ पासून डायलिसिसवर असूनही वर्षानुवर्षे पोहत आणि काम करत राहिले, हे उदाहरणही धीर देणारे आहे.

प्रारंभ डॉक्टरांच्या संमतीने, अगदी थोडक्यापासून करावा. आपल्याकडील उन्हाळा लक्षात घेता सकाळच्या गारव्यात चालावे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा. फिस्टुला असलेल्या हाताने जड ओझे मात्र उचलू नये.

हिशेब ठेवण्याचे साधनही साधे आहे. कापड मोजण्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. पायावर सूज नसताना हे माप पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद अथवा अधिक लागल्यास, डॉक्टरांना अवश्य सांगावे. महिन्यातून एकदा ही दोन्ही मापे वहीत टिपून ठेवावीत.

ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे आज सायंकाळी त्याच्या ताटाकडे एकवार पाहावे. वरणाची वाटी कोणाच्या सांगण्यावरून गेली, हे विचारावे. ती डॉक्टरांनी काढलेली नसेल, तर पुढच्या तपासणीत किती वरण चालेल, हा पहिला प्रश्न असावा. भांडवल शाबूत आहे तोवरच पेढी सावरता येते.

जय जिनेंद्र.