गुणांची शिडी आणि खेळाडूची मान



आज मी बर्फावरच्या फ्रीस्टाइल खेळांविषयी बोलणार आहे. त्यांच्या चित्रफिती आता आपली मुले मोबाइलवर रोज पाहतात आणि त्यांच्या बातम्या आपण क्रीडालेखकच लिहितो.

हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेली अर्धगोल नळी. तिच्या भिंती २२ फूट उंच, आणि खेळाडू काठाच्याही वर पंधरा-वीस फूट उडतात. स्कीवरच्या या प्रकाराला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळावी म्हणून कॅनडाची सारा बर्क वर्षानुवर्षे झगडली. २०११ मध्ये ती जागा मिळाली. १० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या पार्क सिटी इथे सराव करताना ती पडली. डोक्यावर हेल्मेट होते, पण मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली. नऊ दिवसांनी ती गेली, वयाच्या २९व्या वर्षी. सराव प्रायोजकाच्या कार्यक्रमातला, म्हणून तिच्या देशाच्या स्की संघटनेचा विमा लागू झाला नाही. रुग्णालयाच्या बिलासाठी लोकांकडून देणग्या गोळा कराव्या लागल्या. त्याच पार्क सिटीत २००९च्या अखेरच्या दिवशी स्नोबोर्डपटू केव्हिन पीअर्स डोक्यावर आपटला होता. तो वाचला, पण मेंदूच्या इजेने त्याची स्पर्धात्मक कारकीर्द संपली.

अशा बातमीला आपण ‘धाडसाची किंमत’ असा मथळा देतो. मला तो मान्य नाही, कारण त्यात सगळा भार खेळाडूवर पडतो आणि गुण देणारे, मैदान आखणारे नामानिराळे राहतात.

२०२२चे बीजिंग ऑलिम्पिक आठवा. स्नोबोर्ड हाफपाइपमध्ये जपानच्या आयुमु हिरानोने अंतिम फेरीतल्या दुसऱ्या प्रयत्नात ट्रिपल कॉर्क, म्हणजे तिरक्या अक्षावरची तिहेरी कोलांटी, साधली. पंचांनी ९१.७५ गुण दिले, आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. जगभर संताप व्यक्त झाला. त्याने काय करावे? तिसऱ्या प्रयत्नात तीच जीवघेणी कोलांटी पुन्हा मारली, तेव्हा ९६ गुण आणि सुवर्ण मिळाले. आपण सर्वांनी जिद्दीचे गोडवे गायले. पण या पद्धतीत सुरक्षित उडीला पदक नाही, आणि आजची अवघड उडी उद्या सगळ्यांना करावीच लागते.

२०१८ मध्ये प्याँगचांगला महिलांची स्नोबोर्ड स्लोपस्टाइल, म्हणजे अडथळे आणि उड्यांच्या उतारावरची स्पर्धा, सोसाट्याच्या वाऱ्यात उरकली गेली. पात्रता फेरी रद्द झाली होती, तरी अंतिम फेरी मात्र रेटली. बहुतेक जणी पडल्या. कित्येक खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली. स्पर्धा थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.

हे आपल्याला परके नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला २० फुटांची मर्यादा घातली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी परंपरेच्या बाजूने लेखणी झिजवली. सर्वात वरच्या थरावरच्या पोराच्या विम्याविषयी फार थोड्यांनी विचारले.

हे खेळ बंद करा, असे मी म्हणत नाही. हवेत झेपावण्याची ओढ मी समजतो, तिचा आदर करतो. पण वारा वाढला की खेळाडूंच्या प्रतिनिधीला स्पर्धा थांबवता आली पाहिजे, आणि सरावालाही पूर्ण विमा हवा.

आपले काम त्याहून सोपे आहे. पुढच्या हिवाळी स्पर्धेची बातमी लिहाल तेव्हा गिरक्या मोजण्याआधी वाऱ्याचा वेग विचारा, विमा कोणाचा ते विचारा, आणि पडझडीची चित्रफीत करमणूक म्हणून छापू नका.