पाणी लागल्यावर पैसे

विहीर खणणाऱ्यांशी मजुरी ठरवायची तर दोन रीती संभवतात. खोदलेल्या परसागणिक पैसे द्यावेत, किंवा पाणी लागल्यावरच द्यावेत. पहिल्या रीतीत विहीर कोरडी निघाली तरी मालकाचे पैसे जातात. दुसऱ्या रीतीत मालक निर्धास्त. पण खणणाऱ्याने तोवर खावे काय? तेव्हा कुणीतरी तिसऱ्याने आधी पैसे घालून धोका पत्करावा लागतो.

समाजकार्याच्या पैशाचेही असेच आहे. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात १६६ शाळांत ही दुसरी रीत अजमावून पाहिली गेली. शाळेबाहेरच्या मुलींना पटावर आणायचे आणि मुलामुलींचे हिंदी, इंग्रजी व गणित सुधारायचे, हे काम ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेचे. आधी पैसे घातले ते ‘यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन’ने. फळ दिसले तर ते भरून देण्याचे वचन दिले ‘चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन’ने. आणि फळ मोजायला चौथीच संस्था, ‘आयडीइनसाइट’. मोबदल्याचा ८० टक्के भाग मुलांच्या शिकण्यावर आणि २० टक्के पटनोंदणीवर ठरला होता.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शिकण्याचे उद्दिष्ट जेमतेम निम्मे गाठले होते. दरसाल मोजमाप होत होते म्हणूनच ते वेळीच कळले. मग इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीप्रमाणे गट पाडले. गैरहजर मुलांची घरे गाठली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकण्यातली प्रगती उद्दिष्टाच्या १६० टक्के भरली, आणि शाळेबाहेरच्या पात्र मुलींपैकी ९२ टक्के पटावर आल्या. पैसे घालणाऱ्याला मुद्दल आणि वर नफाही मिळाला.

आता आमचे शिक्षकबंधू म्हणतील, यात नवे ते काय? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातही परीक्षेचा निकाल पाहून शाळांना अनुदान मिळत असे, आणि मुले घोकंपट्टीला जुंपली जात! शंका रास्त आहे. पण तेव्हा निकाल घसरला की झळ शाळेला लागे. भिलवाड्यात ती पैसे घालणाऱ्याला लागणार होती. सारा फरक इथे आहे.

म्हणून असा करार कुणी आपल्या गावात आणलाच, तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फळ म्हणजे नेमके काय मोजणार? मोजणारा त्रयस्थ आहे ना? आणि पाणी लागलेच नाही, तर उपाशी कोण राहणार? या शेवटच्या प्रश्नाला ‘गुरुजी’ असे उत्तर आले, तर त्या कराराला दुरूनच नमस्कार करावा.