चेहऱ्यावरील वण आणि लेसर उपचार



कपड्याखाली झाकलेला वण माणूस विसरतो. चेहऱ्यावरील वण त्याला कोणी विसरू देत नाही. त्यापायी एखादी मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसू लागते आणि पुढे शाळाच सोडते. म्हणून हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे.

थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणिक स्फटिकापासून पहिला लेसर किरण मिळविला. १९६३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लिऑन गोल्डमन यांनी त्याच्या मानवी त्वचेवरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९८३ साली अँडरसन व पॅरिश या शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला, तर त्वचेतील ठरावीक घटकच तापतो. शेजारील पेशींना फारशी इजा होत नाही. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. त्यामुळे नव्या वणातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात आणि वणाची लाली व फुगवटा कमी होण्यास मदत होते.

वण पक्व होण्यास सुमारे एक वर्ष किंवा अधिक काळ लागतो. तोवर थांबावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. आता, वण घडत असतानाच त्याला वळण द्यावे, असा विचार पुढे आला आहे. योग्य रुग्णांत टाके काढल्यानंतर काही आठवड्यांतच हे उपचार सुरू करता येतात.

तथापि, लेसर म्हणजे जादू नव्हे. अनेक बैठका घ्याव्या लागतात आणि वण समूळ नाहीसा होत नाही. पू झालेल्या जखमेवर हा उपचार करीत नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषून घेते. ऊर्जेचे प्रमाण चुकल्यास काळे डाग पडतात. म्हणून हे काम अनुभवी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

शिक्षक व पंचायत सदस्यांना एवढीच विनंती, की जखमेवर राख, चुना वा शेण लावू देऊ नका. ती स्वच्छ पाण्याने धुऊन रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्या आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा. जखम भरल्यावर वणाला उन्हापासून जपण्यास सांगा व त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन यांचा सल्ला लवकर घ्यावयास लावा. वेळीच दिलेला हा सल्ला एखाद्या मुलीला पुन्हा पहिल्या बाकावर आणून बसवील.