एक पुस्तक, एक ध्वनिमुद्रिका, एक चित्रपट

सेवानिवृत्त मास्तराला एक खोड जन्माची जडलेली असते. समोर कोणी निवांत बसलेलें दिसलें कीं, त्यास कांहीं तरी वाचावयास सांगितल्यावांचून त्याला राहवत नाहीं. आज तर मला तशी मुभाच मिळाली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. तेव्हां माझ्या ह्या शिफारशींस कोणी समीक्षा समजूं नये.

पुस्तक सांगावयाचें तें लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून तें भागाभागांनीं प्रसिद्ध झालें. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, त्या वेळीं ह्या बाईवर आकाश कोसळलें. पुढें १९०० सालीं तिनेंही बाप्तिस्मा घेतला. मधल्या ताटातुटीचे दिवस तिनें लिहिले आहेत ते वाचतांना डोळे भरून येतात, आणि तेवढ्यांत ती स्वतःवरच असा कांहीं विनोद करते कीं, हंसूं आवरत नाहीं. हातीं आलेला पैसा टिकूं न देणाऱ्या नवऱ्याविषयीं इतक्या रागानें आणि इतक्या प्रेमानें एकाच वेळीं लिहिलेलें मीं दुसरें कांहीं वाचलेलें नाहीं. ती शाळेंत गेली नव्हती. तिला अक्षरओळख करून दिली ती टिळकांनीं.

येथें मला एक घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. माझी आई निरक्षर होती. मी नोकरीस लागलों त्या वर्षीं ती मला म्हणाली, “साऱ्या गांवच्या पोरांना शिकवतोस, मला माझं नांव तरी लिहायला शिकव.” “येत्या सुट्टींत शिकवतों,” असें मीं म्हटलें. अशा तीस-पस्तीस सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मी निवृत्त झालों तोंवर तिनें अंथरूण धरलें होतें. तेव्हां दुपारच्या वेळीं मी तिला हें पुस्तक वाचून दाखवूं लागलों. एके दिवशीं तिनें मध्येंच विचारलें, “हें सगळं त्या बाईनं स्वतः लिहिलं?” मीं होय म्हटलें. “तिला लिहायला कुणी शिकवलं?” “नवऱ्यानं.” आई मग बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं बाजारांतून पाटी आणली; पण पेन्सिल धरण्याचें बळ तिच्या बोटांत उरलें नव्हतें. “राहूं दे, तूं वाच,” एवढेंच ती म्हणाली. पुस्तक आम्हीं पुरें केलें.

ध्वनिमुद्रिकेविषयीं फार बोलण्यापेक्षां ती ऐकणें बरें. अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या तबकड्या पुढें एकत्र करून लाँग प्ले तबकड्या निघाल्या. त्यांतील कोणतीही घ्यावी. एका बाजूस तीन-सवातीन मिनिटें, एवढाच त्या काळीं अवकाश. पण झिंझोटी ऐकतांना घाई कोठें जाणवत नाहीं. हीच तबकडी कानीं पडून भीमसेन जोशी लहानपणीं घर सोडून गाणें शिकावयास निघाले, हें सर्वश्रुत आहे. खांसाहेब १९३७ सालीं वारले. मिरजेच्या दर्ग्यांत त्यांची कबर आहे.

चित्रपट त्याच वर्षींचा, प्रभातचा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो काढला. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्या लग्नास मान्यता देत नाहीं, एवढीच कथा. शांता आपटे यांचा करारीपणा डोळ्यांत भरतो. पण केशवराव दाते यांचा काकासाहेब मला अधिक मोठा वाटतो, कारण त्या म्हाताऱ्याचा राग येतां येतां त्याची कींव येऊं लागते. ह्या चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घड्याळाची टिकटिक आणि घरांतले आवाज तें काम करतात. शेवट मात्र मला पटत नाहीं. काकासाहेब स्वतःचा प्राण देऊन नीरेला मोकळें करतात. तो जगला असता तर तिनें काय केलें असतें, ह्या अवघड प्रश्नांतून कथा त्यामुळें सुटते. माझ्या पत्नीस हें माझें मत अगदीं अमान्य आहे. परवां आम्हीं दोघांनीं तो तिसऱ्यांदा पाहिला, आणि रात्रीं जेवणें उरकेपर्यंत आमचा वाद चालला होता.